मोटारसायकलच्या तेलाचा निकाल

नवऱ्याची घाटापलीकडच्या कारखान्यात बदली झाली तेव्हा घरातल्या सगळ्यांना बढती दिसली आणि तिला फक्त घाट दिसला.

"रोज? मोटारसायकलवर?" तिने विचारलं.

"नाही, जाताना मोटारसायकलवर आणि येताना गडगडत," नवरा म्हणाला. स्वतःच्या या विनोदावर तो इतका खूश झाला की त्याने आईबाबांना बोलावून तो पुन्हा एकदा ऐकवला.

या घरात तिला 'हवामान खातं' म्हणत. छोटी नुकती चालायला लागली होती, आणि चालायला लागलेल्या पोरीच्या आईला घरातली प्रत्येक वस्तू तिच्या टोकांसकट दिसते. "ते स्टूल तिथे नको, ती चढेल," असं ती म्हणे. बाकीचे म्हणत, "काही चढत नाही." मग छोटी चढे, पडे, आणि सगळे मिळून छोटीच्या आईकडे रागाने बघत. हवामान खात्याची हीच तर गोची असते. अंदाज चुकला तर लोक हसतात, आणि खरा ठरला तर पाऊस यांनीच पाडला अशा नजरेने बघतात.

दुपारी छोटी झोपली की ती फोन घेऊन वाचत बसे. पूर्वी ती मुलांच्या खोकल्याबद्दल वाचायची, बदलीनंतर इंजिनाबद्दल वाचू लागली. दोन्हीकडे शेवटी तज्ज्ञाचा सल्ला घ्या असंच लिहिलेलं असतं, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर माणूस अर्धमेला होतो. तिला कळलं ते असं, की तेल जुनं झालं, आटलं, की इंजिन तापतं, तापून जाम होतं, आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी अडकतं. तिने डोळे मिटले. डोळ्यांपुढे घाटाचं वळण आलं, त्या वळणावर नवरा आला. तिने घाईघाईने डोळे उघडले.

संध्याकाळी तो बूट काढत असतानाच तिने विचारलं, "आपल्या गाडीचं ऑईल शेवटचं कधी बदललं रे?"

लग्नाची तारीख विचारल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला.

"बदललं होतं की."

"कधी?"

"मध्ये."

"मध्ये म्हणजे?"

"म्हणजे मागे. अगं, आवाज बदलला की ऑईल बदलायचं. साधी गोष्ट आहे."

"आवाज बदललेला कळतो?"

"कळतो मला."

शेजारच्या खोलीत गळा काढून रडणारी स्वतःची मुलगी या माणसाला कधी ऐकू आली नव्हती. पण ते तिने मनात ठेवलं. सुखी संसार म्हणजे मनात ठेवलेल्या अशा वाक्यांची चळत.

किती दिवसांनी तेल बदलायचं, एवढंच तिला ठरवून हवं होतं. एक आकडा. तो कॅलेंडरवर लिहायचा आणि निश्चिंत व्हायचं. या एका आकड्यासाठी आपल्याला काय काय बघावं लागणार आहे, याचा अंदाज मात्र हवामान खात्यालाही आला नाही.

सासरे छापखान्यात फोरमन होते. निवृत्त झाले तरी काळ्या रंगावरचा त्यांचा अधिकार निवृत्त झालेला नव्हता. ते खाली पार्किंगमध्ये गेले, इंजिनाचं झाकण फिरवून काढलं, त्याला लागून असलेल्या पट्टीवरचं तेल दोन बोटांत चोळलं, उजेडाला धरलं आणि वर येऊन निकाल दिला.

"काळं आहे. पण वाईट काळं नाही."

"काळ्यात वाईट-चांगलं असतं, बाबा?"

"सूनबाई, मी आयुष्यभर काळंच बघितलं. हे काळं अजून बरंच चालेल. किरकिरलं की बदलायचं."

"म्हणजे किती दिवसांनी?"

"बोटाला कळतं," सासरे म्हणाले, आणि ते बोट त्यांनी नकळत पांढऱ्या पडद्याला पुसलं. त्यानंतर सासूबाईंनी काळ्या रंगावर जे भाषण केलं त्यात तेलाचा उल्लेख नव्हता.

दुसरा सल्ला सेक्रेटरींचा. हे त्यांच्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी, राहायला अगदी समोरच्या दारात. त्यांची स्कूटर पार्किंगमध्ये आच्छादन घालून उभी असे आणि ती कोणीही, कधीही चालताना पाहिलेली नव्हती. तरी दर वर्षाच्या पहिल्या तारखेला ते तिचं तेल बदलत.

"पण काका, ती चालतच नाही ना?"

"म्हणून काय तेल म्हातारं होत नाही? मी कुठे चालतो? होतोय की नाही म्हातारा?" ते पुढे म्हणाले, "बाकी तुम्ही कधीही बदला, पण पार्किंगमध्ये बदलू नका. फरशीवर डाग पडला तर समितीपुढे विषय येईल." समितीत ते, त्यांची पत्नी आणि एक कायम परगावी असणारे गृहस्थ होते.

मग तिने कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आधी बराच वेळ संगीत वाजलं. छोटी त्यावर नाचून दमली तेव्हा कुठे एक गोड आवाज आला.

"गाडी कोणाच्या नावावर आहे, मॅडम?"

"नवऱ्याच्या. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की ऑईल…"

"त्यांच्या मोबाईलवर एक नंबर पाठवला आहे, तो सांगता का?"

तिने दुसऱ्या फोनवरून नवऱ्याला गाठलं. तो मीटिंगमध्ये होता. त्याने कुजबुजत विचारलं, "छोटी पडली का?" नाही म्हटल्यावर, आणि नंबर हवाय म्हटल्यावर, तो म्हणाला, "अनोळखी माणसाला असले नंबर देऊ नये, हे तूच मला शिकवलंयस." त्याने फोन ठेवला. इकडे गोड आवाज म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरी कोणी गाडीतलं कळणारं आहे का? त्यांना द्या फोन."

तिने पदार्थविज्ञान घेऊन पदवी मिळवली होती, वर्गात दुसरी आली होती. घर्षण हा तिचा आवडता धडा होता. ती काही बोलणार तेवढ्यात छोटीने फोनचं लाल बटण दाबलं. तिच्यापेक्षा मुलगीच मानी निघाली म्हणायची.

राहता राहिला गॅरेजवाला. त्याचं मत सगळ्यांत सोपं होतं. "आणाल तेव्हा बदलू," तो म्हणाला. "माझ्या मते ऑईल जितकं लवकर बदलाल तितकं चांगलं." रोज बदललं तर सर्वांत चांगलं, असा त्याचा रोख दिसला. पण निघताना त्याने एक गोष्ट सांगितली, ती मात्र तिच्या मनात रुतली. "बदलायचं तेव्हा बदला ताई, पण पातळी कमी होऊ देऊ नका. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल खालच्या खुणेखाली गेलं, की खेळ खलास." असं म्हणून त्याने तेलाचा एक डबा तिच्या पिशवीत सारला.

खेळ खलास! हे शब्द तिने घरी सांगितले तेव्हा नवरा हसला. सासऱ्यांनीही हसल्यासारखं केलं. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्या टीव्ही बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आंघोळीला गेल्यावर ती छोटीला कडेवर घेऊन खाली उतरली. त्यांच्या गाडीची जागा म्हणजे एक फट होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरींची समाधिस्थ स्कूटर. त्या फटीत गाडी डबल स्टँडवर ओढायची तर ओढणाऱ्याचं कोपर स्कूटरला लागणार, आणि स्कूटरला काही लागलं की समितीपुढे विषय. म्हणून गाडी कायम साइड स्टँडवर, भिंतीला टेकायला आलेल्या म्हाताऱ्यासारखी कललेली. तिने झाकण काढलं, पट्टी पुसली, बुडवली, पाहिली.

तेल खालच्या खुणेच्याही खाली! टोकाला जेमतेम ओलावा.

या गाडीवरून तो कालपर्यंत घाट उतरून आला होता. तिने हळूच तेल ओतलं, बेताने, औषध घालावं तसं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "बघ, अंदाज!" म्हणून सगळे हसले असते. चार-सहा दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर पुन्हा कमी. पुन्हा ओतलं. इंजिन तेल पितं, असं तिने वाचलं होतंच.

इथे वाचकाला एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, जी तिला तेव्हा ठाऊक नव्हती. सासरे संध्याकाळी फिरायला म्हणून खाली उतरत ते पार्किंगमध्येच थांबत. 'खेळ खलास' त्यांच्याही मनात रुतलं होतं. एकुलता एक मुलगा, आणि रोजचा घाट. बोटाला न विचारता ते पट्टी बघत. कमी दिसलं, की आपल्या कापडी पिशवीतल्या डब्यातलं तेल ओतत. सुनेच्या डब्यावर त्यांचा विश्वास नव्हता, ते वेगळ्या दुकानातून आणलं होतं. आणि जो नवरा बायकोला हसला होता, तोही पेट्रोलपंपावर गाडी साइड स्टँडला लावून, इकडेतिकडे बघून, पट्टी काढत होता. काळजी करताना पकडलं जाणं त्याला चोरी करताना पकडलं जाण्यासारखंच वाटे. पंपावरच्या माणसाला तो म्हणे, "थोडं टाका. घरी काही बोलू नका." जणू तो माणूस रोज त्यांच्या घरी जेवायला येत होता.

हळूहळू गाडी जड चालू लागली. नवरा म्हणाला, "घाटामुळे." सासरे म्हणाले, "तेल कमी पडत असेल." ती काहीच बोलली नाही, कारण ती खाली ओतायला निघाली होती.

मग ती सकाळ आली. निरोप द्यायला ती छोटीला घेऊन खाली आली होती, सासरेही होते. नवऱ्याने गाडी सुरू केली आणि सायलेन्सरमधून धूर निघाला. साधासुधा नव्हे, दाट, पांढरा, गाद्यांतला कापूस पिंजावा तसा. पार्किंग भरलं, जिना भरला, पहिला मजला दिसेनासा झाला. छोटी टाळ्या वाजवू लागली. सेक्रेटरी "आग! आग!" करत बनियनवर धावत आले, भिंतीवरचं अग्निशामक यंत्र उपसलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते वापरायला मिळाल्याच्या आवेशात गाडी, नवरा आणि स्वतःची स्कूटर तिघांनाही पावडरीने न्हाऊ घातलं.

धूर ओसरला. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा नवरा उभा होता.

"आग नव्हती, काका," तो म्हणाला. तोंड उघडताना थोडी पावडर आत गेली.

"आता नाहीच. विझवली ना!" सेक्रेटरी म्हणाले. "यंत्र वापरल्याचा अर्ज द्यावा लागेल. खरं तर वापरण्याआधी द्यायचा असतो."

नवरा बायकोकडे वळला. "तुझ्या त्या ऑईलच्या भुणभुणीमुळे झालंय हे! गाडीलाच नजर लागली!"

"माझ्या भुणभुणीमुळे? मी तर म्हणतच होते की…"

"भांडू नका," सासरे म्हणाले. "तेल संपलंय. कोरड्या इंजिनाचा धूर आहे हा." त्यांनी ऐटीत पट्टी ओढून सगळ्यांना दाखवली. टोकाला इवलंसं तेल होतं. "बघा! घ्या, डबा आणा."

ती डबा आणायला वर गेली, तशी छोटी तिच्या कडेवर शिंकत, नाकातून गंगा वाहवत. कालपासून सर्दी होतीच, वर ही पावडर. आता डबा राहू दे, आधी औषध. तिने बाटलीच्या मापाच्या झाकणात औषध ओतलं, बरोबर रेघेपर्यंत. छोटीने हिसका दिला, हात कलला, आणि तिने पाहिलं तर औषध एकीकडे रेघेच्या वर चढलेलं, दुसरीकडे रेघेच्या खाली उतरलेलं. थेंबभरही सांडलं नव्हतं, थेंबभरही वाढलं नव्हतं.

ती थिजली. छोटीने तेवढ्यात तोंड घट्ट मिटून घेतलं, पण आईचं लक्षच नव्हतं. गाडी डावीकडे कललेली. इंजिनाचं झाकण आणि पट्टी उजवीकडे. द्रवाची पातळी! घर्षणाच्या पुढचाच धडा की हा! वर्गात दुसरी आलेली बाई आतापर्यंत कललेल्या भांड्यात पट्टी बुडवत होती.

छोटीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून, औषधाचं झाकण तसंच हातात धरून ती जिना उतरली. खाली सासरे आपल्याच पिशवीतल्या डब्याचं तोंड इंजिनाला लावत होते.

"बाबा, थांबा! आधी गाडी सरळ करा!"

"सूनबाई, मी गाड्या बघितल्यात…"

"तुम्ही काळं बघितलंत, बाबा. सरळ आता आपण बघू. काका, स्कूटर सरकवा."

"स्कूटर?" सेक्रेटरींचा आवाज चिरकला. पण तिच्या हातातलं लाल औषध आणि डोळ्यांतला भाव बघून त्यांनी समितीची बैठक न बोलावताच स्कूटर सरकवली. नवऱ्याने आणि सेक्रेटरींनी मिळून गाडी डबल स्टँडवर ओढली. जरा थांबून तिने पट्टी पुसली, बुडवली आणि वर काढली.

वरची खूण दिसतच नव्हती. तेल पार पट्टीच्या मुळापर्यंत. धूर होता तो जादा तेल जळण्याचा.

मग नवऱ्याने बापाच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. "बाबा, हा डबा कुठला?"

"माझा आहे," सासरे म्हणाले. "म्हणजे, थोडंसंच घालत होतो. रोज नाही."

"मीही घालत होते," ती म्हणाली.

आता दोघांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो टाकीवरची पावडर फार काळजीपूर्वक पुसू लागला.

"तू पण?" तिने विचारलं.

"पंपावर," तो टाकीला म्हणाला. "थोडं."

जिन्यात सासूबाई छोटीला घेऊन उभ्या होत्या. केव्हा आल्या कोणाला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे काळजी सगळ्यांनाच होती. हसायला मात्र तिला एकटीला."

एवढं बोलून त्या टीव्ही बघायला निघून गेल्या.

गाडी ढकलत गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याने इंजिनाखाली घमेलं ठेवून तळाचा नट काढला. तेल वाहू लागलं. वाहतच राहिलं. घमेलं भरत आलं तसा तो उठून शेजारच्या टायरवाल्याला बोलावून आला, दोघांनी मान डोलावत ते दृश्य पाहिलं.

"ताई, घरात माणसं किती?"

"का?"

"नाही, एकेकाने आग्रह करकरून वाढल्यासारखं दिसतंय." मग त्याने तिला बजावलं, की आता ऑईल दोन हजार किलोमीटरवर बदलायचं. मागच्या वेळी काय म्हणालात असं विचारल्यावर म्हणाला, "तेव्हा गाडी वेगळी होती."

संध्याकाळी घरात बैठक भरली. नवरा म्हणाला माळ्यावर सापडलेलं कंपनीचं पुस्तक पाच हजार म्हणतं, गॅरेजवाला दोन म्हणतो, बाबांचं बोट काहीच म्हणत नाही. सेक्रेटरी दारात उभे राहून वर्षाच्या पहिल्या तारखेची बाजू मांडत होते. पंधरा मिनिटं असा गलका झाला की तेल राहिलं बाजूला.

"मी ठरवणार," ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. पण सगळे गप्प बसले. कारण सकाळपासून या घरात पट्टी सरळ धरणारी एकटीच होती.

"गाडी घाट चढते, तापते. तीन हजारावर बदलायचं. तेवढी चालली नाही तरी सहा महिन्यांनी बदलायचंच. मध्ये पातळी बघायची ती फक्त गाडी चालवणाऱ्याने. गाडी सपाट जागेवर, डबल स्टँडवर, इंजिन बंद करून जरा थांबून. तेल घालायचं असेल तर आधी मला विचारायचं. बाबा, तुमचा डबा आणा."

सासऱ्यांनी डबा आणून ठेवला. मग थोडं थांबून, न मागताच, खाटेखालचा दुसराही आणून ठेवला.

तिला वाटलं होतं, आता कोणीतरी हवामान खातं म्हणेल. कोणी म्हणालं नाही. उलट नवऱ्याने विचारलं, "जरा थांबून म्हणजे किती?" या प्रश्नात तिला काहीतरी ऐकू आलं, पण ते काय हे तेव्हा नीट कळलं नाही.

ते कळलं पुढच्याच आठवड्यात. ती ताट वाढून घेत होती आणि फोन वाजला. नवरा घाटातून बोलत होता.

"अगं, मध्येच थांबलोय. वासासारखं काहीतरी आलं. म्हणून म्हटलं पातळी बघावी. तर कमी दिसतेय गं."

"डबल स्टँडवर आहे?"

"हो."

"जागा सपाट आहे?"

मग तो म्हणाला, "घाटात सपाट जागा कुठून आणू?"

"मग नको बघूस. वास दुसऱ्या कोणाच्या गाडीचा असेल. ये घरी."

"तसं कसं? एकदा मनात आलं की राहवतं का?" नवरा कळवळून म्हणाला. "तुला समजत कसं नाही, मला काळजी वाटतेय!"

लग्न झाल्यापासून हे वाक्य तिचं होतं. ते एक दिवस नवरा बोलेल, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने फोन स्पीकरवर टाकून सासऱ्यांच्या हाती दिला. सासऱ्यांनी चष्मा लावला, जणू त्याने घाट दिसणार होता. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. समोरचं दार उघडून सेक्रेटरीही आले. तिघंही फोनभोवती वाकले. "जरा पुढे ढकलून बघ," "वळणावर नको रे," "रुंद जागा शोध" असा कल्ला सुरू झाला. छोटी आजीच्या मांडीवर बसून फोनकडे बघत होती. तिच्या स्वतःच्या कडेवर मात्र कोणीच नव्हतं. दोन्ही हात मोकळे होते, ताटातली भाजी वाफाळत होती. तिने मांडी घातली आणि जेवायला सुरुवात केली.

"सूनबाई," थोड्या वेळाने सासऱ्यांनी हाक मारली, "तो विचारतोय, जागा सपाट आहे की नाही हे ओळखायचं कसं?"

"रस्त्यावर पाण्याची बाटली आडवी ठेव म्हणावं. घरंगळली नाही तर सपाट."

सासऱ्यांनी निरोप पोचवला. पलीकडून कसलातरी खडखडाट ऐकू आला, मग पावलांचा आवाज, मग नवऱ्याचा बारीक झालेला आवाज.

"सूनबाई, घरंगळली म्हणतोय! आता?"

"आता बाटली घेऊन घरी ये म्हणावं," ती म्हणाली आणि तिने पुन्हा भाजी वाढून घेतली.